बदकांचे खुराडे कोरडे ठेवताना

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे सांगली परिसरात बदकांचे खुराडे बांधताना फूटभर मुरूम चोपून आणि एका बाजूला उतार देऊनच तळ करावा.

खरा चिखल मात्र पावसापेक्षा पाण्याच्या भांड्याभोवती होतो. बदकाला चोच नाकपुड्यांसकट बुडवता येईल इतके खोल पाणी लागते आणि पिताना ते त्यातले बरेचसे बाहेर उडवते. म्हणून भांडे उताराकडच्या कोपऱ्यात, चर खणून त्यावर बसवलेल्या जाळीवर ठेवावे, म्हणजे सांडलेले पाणी परस्पर परसातल्या केळीच्या आळ्यात जाते.

अंथरुणासाठी भाताचे तूस चार ते सहा इंच जाड पसरावे. शिराळ्याच्या भातपट्ट्यात ते मिळते. उसाचे पाचट फुकट असले तरी बारीक करून, कडक वाळवूनच वापरावे, कारण बुरशी धरलेल्या अंथरुणामुळे बदकांना फुप्फुसांचा रोग होतो. सकाळी नऊच्या सुमारास, बहुतेक अंडी घालून झाल्यावर, बदके बाहेर सोडावीत आणि तूस मुठीत दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर तेवढा भाग उचलून नवे तूस टाकावे. अमोनियाचा वास उभ्याने नीट कळत नाही. उकिडवे बसून, बदकाच्या उंचीवर नाक नेऊन पाहावे. डोळे चुरचुरले, तर अंथरूण बदलायला आधीच उशीर झाला आहे असे समजावे.

काढलेले अंथरूण उकिरड्यात पुरते कुजवूनच शेताला घालावे.