आमदार व्हायचंय? मग आधी दूध संस्थेचा ठराव मिळव

दर विधानसभेला आमच्या तालमीत कोणतरी उठतंयच, "यंदा आपण उभारायचं." मग चौकात डिजिटल बोर्ड लागतंय, स्टेटसला "भावी आमदार" पडतंय, आणि महिन्याभरात विषय गार. मी स्वतः कधी उभारलो नाही, पण तीन निवडणुकांत उमेदवारांचे अर्ज भरणं, मतदार यादी चाळणं आणि खर्चाचं रजिस्टर लिहिणं हीच हमाली केलीय, त्यामुळं ज्यांनी खरंच मनावर घेतलंय त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिलं म्हणजे डिजिटल बोर्डावर पैसा घालवू नको. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात चंदगडपासून शिरोळपर्यंत दहा मतदारसंघ, आणि शहर सोडलं तर बहुतेक ठिकाणी आमदारकीचं बी गावातल्या विकास सोसायटीत नाहीतर दूध संस्थेत पेरलेलं असतंय. का, तर गोकुळ दूध संघ असू दे की जिल्हा बँक, तिथं मत टाकायला संस्था एका माणसाच्या नावानं ठराव करते, आणि ज्याच्या नावानं ठराव त्याच्या दारात मोठमोठे नेते स्वतः चहाला येतात. मत एकच, पण त्याच्यामागं अर्ध्या गावाचं दूध असतंय हे त्यांना बरोबर कळतंय. म्हणून चार-पाच वर्षं संस्थेत घाल, फॅट कमी लागली म्हणून सकाळी सकाळी भांडणं होतात ती मिटव, कर्जमाफीची यादी लागली की कुणाचं नाव राहिलंय ते बघ. मग पंचायत समिती, झेडपी. (सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं असलं तर ग्रामपंचायत-झेडपीला उभारता येत नाही, आमदारकीला मात्र ही अट नाही, आता ह्याला काय म्हणायचं ते तूच ठरव.) शहरात हेच काम तालीम आणि तरुण मंडळ करतंय, पुढं नगरसेवक.

आणि आपल्याकडं पक्षापेक्षा गट मोठा हे डोक्यात ठेव. 2019 ला इचलकरंजीतनं प्रकाश आवाडे आणि शिरोळमधनं राजेंद्र पाटील यड्रावकर अपक्ष निवडून आले, चिन्ह नवीन होतं पण मागं संस्थांचं जाळं जुनंच होतं. नुसता अपक्ष म्हणजे वडाप गाडीला लटकल्यासारखं आहे, हात सुटला की गेला.

आता कागद. वय 25 पूर्ण पाहिजे, महाराष्ट्रात कुठल्याही मतदारसंघात नाव पाहिजे, डिपॉझिट 10 हजार, एससी-एसटी असशील तर निम्मं. झालेल्या वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही पडली तर ते गेलं. मान्यताप्राप्त पक्षाचा एबी फॉर्म (म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद) असेल तर सूचक, म्हणजे तुझं नाव सुचवून सही करणारा, एकच लागतो, अपक्षाला दहा, आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत. इथंच आमचा घात झाला होता. कोल्हापूर उत्तरमधनं एका अपक्षाचा अर्ज भरला, दहावा सूचक त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, पेठेतच वाढलेला, रोज तालमीत बसणारा. पण गड्यानं दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेऊन नाव तिकडं दक्षिणमध्ये नेलेलं, ना त्यानं सांगितलं ना मी यादी बघितली. छाननीला नाव वाचलं गेलं, यादीत सापडेना, अर्ज बाद. बाहेर हलगीवाला तयार उभा होता. तेव्हापासनं मी प्रत्येक सूचकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः बोट ठेवून बघतोय, आणि एक अर्ज चुकला तर दुसरा असावा म्हणून चारही अर्ज वेगवेगळे सूचक घेऊन भरतोय, चार भरायला परवानगी आहे.

शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नको, काही नसलं तर "निरंक" लिही. आंदोलनातले गुन्हे पण लिहायचे, हितं प्रत्येक कार्यकर्त्यावर एखादी रास्ता रोकोची केस असतेच, ती लपवलीस तर पुढं जड जाईल. शिवाय त्या केसेसची जाहिरात तीन वेळा पेपर-टीव्हीला द्यावी लागते.

खर्चाची मर्यादा 40 लाख, बँक खातं वेगळं. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव सगळ्याचे दर आधीच ठरलेले असतात, तू फुकट आणलंस तरी त्या दरानं खर्चात धरतात. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यायचा, पडलास तरी द्यायचा! पडलेली माणसं गावाला जाऊन झोपतात, हिशोब राहतो आणि तीन वर्षं उभारता येत नाही.

निवडून आलास तर गुलाल धुतल्यावर पहिलं काम, चांगला पीए बघ. लग्नं, बारशी, रक्षाविसर्जन कार्यकर्ते सांभाळतात, पण तारांकित प्रश्न (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) कधी द्यायचा, लक्षवेधी सूचना कशी लिहायची हे कळणारा माणूस मिळत नाही. वर्षाला 5 कोटीचा स्थानिक विकास निधी असतो, त्यातनं गटर आणि समाजमंदिर होईल, पण पंचगंगेचं पाणी त्यात साफ होत नाही, त्याला सभागृहात उभारून मंत्र्याकडनं उत्तरच काढावं लागतंय. एन. डी. पाटील सरांची जुनी भाषणं वाच, आकडे पाठ करून माणूस कसा बोलतो ते कळेल. आणि अपक्ष निवडून आलास तर पाठिंबा दे पण पक्षप्रवेश करू नको, पक्षांतरबंदीत आमदारकी जाते.

हे सगळं झेपणारं नसेल आणि वय 30 च्या पुढं असेल तर पुणे पदवीधर मतदारसंघाची वाट आहे, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि आपण. विधान परिषद, सहा वर्षं. पण तिथली मतदार यादी दरवेळी कोरी करून नव्यानं होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा असतंय असं नाही. म्हणून तिथं प्रचार नंतर, आधी मतदार नोंदणीचे 18 नंबरचे फॉर्म. डिग्री होऊन तीन वर्षं झालेली पोरं शोध, सर्टिफिकेटची झेरॉक्स तिथंच काढून घे, "घरी आहे, उद्या देतो" म्हणणारा परत येत नाही.