व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

विंडोजवर लिनक्स चालवून पाहायचंय, किंवा लिनक्सवर एखादा जुना विंडोज प्रोग्रॅम हवाय, म्हणून आपण व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) चालवणारं ‘सगळ्यात चांगलं व्हीएम सॉफ्टवेअर’ शोधायला बसतो. पहिली चूक तिथेच होते. आधी आपला कॉम्प्युटर बघा: प्रोसेसर कोणता, रॅम किती, मूळ सिस्टीम (आधीपासून असलेली विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएस) कोणती. बऱ्याचदा निवड तिथेच होऊन जाते.

याचा सगळ्यात मोठा फटका मॅकवाल्यांना बसतो. 2020 च्या अखेरीस आलेल्या एम1 चिपपासून पुढच्या मॅकमध्ये इंटेलपेक्षा वेगळ्या रचनेचा एआरएम प्रोसेसर असतो. व्हर्च्युअल मशीन नवा प्रोसेसर तयार करत नाही, आहे तोच वाटून घेतं. म्हणून इंटेलसाठीची विंडोज किंवा उबंटू लिनक्सची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची डिस्क-प्रत) तिथे सरळ चालत नाही, एआरएमचीच घ्यावी लागते. मॅकवरच्या यूटीएम या व्हीएम सॉफ्टवेअरमध्ये इम्युलेशनची (वेगळ्या प्रोसेसरची नक्कल करण्याची) सोय आहे, पण त्यात प्रत्येक सूचना दुसऱ्या प्रोसेसरच्या भाषेत बदलावी लागते, त्यामुळे वेग फार पडतो. एखाद्या छोट्या जुन्या प्रोग्रॅमपुरतं ठीक आहे, रोजच्या कामाला नाही.

विंडोजच्या होम आवृत्तीत हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं व्हीएम सॉफ्टवेअर) मिळत नाही, त्यासाठी प्रो किंवा एंटरप्राइज लागते. लिनक्सचा डेस्कटॉप वापरायचा असेल तर मी प्रो असतानाही व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशनच घेईन, कारण यूएसबी उपकरणं जोडायला हायपर-व्ही गैरसोयीचं पडतं. मूळ सिस्टीम लिनक्स असेल तर व्हीएम चालवणारं केव्हीएम 2007 पासून कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे. ते हाताळायला त्यावर व्हर्ट-मॅनेजर हा प्रोग्रॅम टाका, काम भागतं.

आता नेहमीची तक्रार. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 64 बिटचा पर्यायच दिसत नाही, किंवा मशीन सुरू करताना व्हीटी-एक्स (व्हीएम चालवायला प्रोसेसरमध्येच असलेली सोय) उपलब्ध नसल्याची एरर येते. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यात मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. ती सोय बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) बंद होती. इंटेलवर तिचं नाव व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असतं, एएमडीवर बहुधा एसव्हीएम. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर सीपीयू निवडलात की ती चालू आहे का ते दिसतं. एवढं आधी बघा, मगच इन्स्टॉलेशनला हात लावा.

सोय चालू असूनही मशीन रखडतं? व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसलं, तर ते मशीन विंडोजच्या हायपर-व्हीवरून चालतंय, म्हणून हळू आहे असं समजा. हायपर-व्ही तुम्ही चालू केलेलं नसलं तरी डब्ल्यूएसएल 2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) किंवा मेमरी इंटेग्रिटीमुळे ते मागे जागं असतं. मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, ती केवळ वेगासाठी बंद करू नका.

रॅम देताना हात आखडता ठेवा. 8 जीबीच्या कॉम्प्युटरवर पाहुण्या (व्हीएममधल्या) सिस्टीमला 6 जीबी दिले, तर मूळ विंडोज रॅम कमी पडून डेटा डिस्कवर हलवत (स्वॅप करत) बसते आणि दोन्ही अडकतात. विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी डिस्क आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टीपीएमची सोय 7.0 पासून आली, म्हणून जुनी आवृत्ती ठेवून भांडू नका. आणि स्क्रीन लहानच राहते, माऊस अडखळतो, अशा तक्रारींवर पहिला उपाय पाहुण्या सिस्टीममध्ये गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्स असेल तर) किंवा व्हीएमवेअर टूल्स टाकणं हाच.

ऑफिससाठी घेताना परवाना वाचा. व्हर्च्युअलबॉक्स मुक्त आहे, पण त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचा (जास्तीच्या सोयींच्या जोडाचा) परवाना वेगळा आहे आणि कंपनीच्या कामाला तो फुकट नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो मात्र नोव्हेंबर 2024 पासून व्यावसायिक वापरालाही मोफत आहे.

सगळ्यात जास्त नुकसान स्नॅपशॉटला (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीच्या नोंदीला) बॅकअप समजल्याने होतं. स्नॅपशॉटमध्ये फक्त नंतरचे बदल वेगळ्या फाइलमध्ये जातात, पाया मूळ डिस्क फाइलचाच असतो. जागा करायला ती मूळ फाइल उडवलीत, की सगळे स्नॅपशॉट निकामी. मशीन पूर्ण बंद करा आणि त्याचा अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा.