मोहेअर विणताय? आधी दोरा ओवा

नागपूरच्या थोडक्या थंडीला मोहेअरची हलकी शाल पुरते. पण ही केसाळ लोकर उसवायला महाकठीण. तंतू एकमेकांना धरून बसतात. म्हणून दर आठ-दहा ओळींनी विणायच्या सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून दोरा ओवायच्या बोथट सुईने गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवा. चुकलंच तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं.

टाके सैल हवेत, सुया जाड. आपल्याकडच्या जुन्या सुयांचा नंबर उलटा चालतो बरं का: १० पेक्षा ८ नंबरची सुई जाड! नवख्या हाताला स्टीलपेक्षा बांबूची बरी, टाके घसरत नाहीत.

उसवताना फारच अडलं तर विणकाम प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. घरचे हसतील, हसू देत. गारठलेले तंतू जरा सहज सुटतात. ओढाओढ मात्र नको.