पाइपवरचा आकाशकंदील वाऱ्याने फिरत असेल तर

ऐरोली-वाशीकडे खाडीसमोरच्या बाल्कनीत हमखास होणारा त्रास: १ इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप ग्रिलला उभा बांधला, वर एल्बो (काटकोनी जोड) लावून आडव्या पाइपचा हात काढला, कंदील टांगला, सकाळी बघावं तर हात भिंतीकडे वळलेला. वैताग येतो!

बाइंडिंग वायर ढिली पडते, झिपटाय उन्हात तडकतात, क्लॅम्प कितीही आवळा, फरक नाही. कारण बहुतेक वेळा पाइप फिरतच नाही, एल्बो आट्यांवर सुटत जातो. खात्री करायला एल्बो आणि पाइपवर मार्करने एकच उभी रेघ ओढा. सकाळी रेघ तिथेच तुटलेली दिसेल.

उपाय असा. पाइप खाली घ्या. टेफ्लॉन टेप न लावता एल्बो पूर्ण आवळून हाताची दिशा ठरवा. एल्बोच्या कॉलरवर (पाइप आत जातो त्या जाड कडेवर) पंचने खूण मारा, आधी ३ मिमी, मग ६.५ मिमीचं आरपार भोक पाडा, एम-६ × ६० मिमी (६ मिमी जाड, ६० मिमी लांब) स्टेनलेस बोल्ट नायलॉक नटाने (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा नट) कसा. आडव्या हाताच्या जोडालाही तेच. भोकाच्या कडेला झिंक प्रायमर हवाच, खाडीची हवा उघडं लोखंड सोडत नाही.

मग ग्रिलच्या उभ्या बारला दोन यू-बोल्ट, मध्ये किमान दीड फूट अंतर, आत सायकल ट्यूबची पट्टी. नट आलटूनपालटून आवळा.