मार्कडाउन साइटवर नीट दिसत नाही? या चुका टाळा

‘रिपॉझिटरीत फाइल छान दिसते, साइटवर मात्र सगळा विचका.’ गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबवरच्या फाइलींतून साइट बनवणाऱ्या सेवेवर, नव्याने आलेल्या अनेकांची हीच रड असते. मार्कडाउन (# सारख्या साध्या खुणांनी लिहिलेली) फाइल एकच असली तरी रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या प्रकल्पाच्या फोल्डरात) आणि साइटवर, दोन्हीकडे तिचं एचटीएमएल करणारी प्रणाली वेगळी आहे. पेजेसवर हे काम साइट तयार करणारं जेकिल आणि त्याच्या पोटातलं मार्कडाउन वाचणारं क्रॅमडाउन करतं. त्यामुळे रिपॉझिटरीतला प्रिव्ह्यू पाहून निर्धास्त होऊ नका.

पानावर # आणि ** जसेच्या तसे दिसतायत? मग आधी मुख्य फोल्डरमध्ये ‘.nojekyll’ नावाची रिकामी फाइल आहे का ते बघा. रिअ‍ॅक्टसाठीच्या एखाद्या ट्युटोरियलमधून ती आलेली असते आणि जेकिलच बंद करून टाकते. ती उडवा.

ती नसेल तर फ्रंट मॅटर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा शीर्षक वगैरे माहितीचा भाग, तपासा. पहिल्याच ओळीत तीन हायफन हवेत, वर रिकामी ओळसुद्धा नको. वर्डमधून मजकूर चिकटवला की कधीकधी --- चा — झालेला असतो आणि जेकिलला तो कळत नाही. शीर्षकात कोलन असेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर जेकिलला फ्रंट मॅटर वाचताच येत नाही.

आता खास मराठी घोळ. अभंग किंवा ओव्या टंकताना आपण दंडाऐवजी सर्रास पाइप वापरतो: ओळीअखेर | आणि कडव्याअखेर ||१||. क्रॅमडाउनला टेबलासाठी शीर्षकाखालची रेघ लागत नाही; ओळीओळीत पाइप दिसला की पुरे. रिपॉझिटरीत कडवं ठीक दिसतं, साइटवर त्याचे चौकोन होतात! प्रत्येक पाइपआधी \ देता येतो, पण खरा दंड ‘।’ आणि ‘॥’ देवनागरी कीबोर्डवर असताना पाइपचा हट्ट कशाला? ‘मुख्यपान | लेख | संपर्क’ अशा ओळीचंही हेच होतं. उलट, खरं टेबल हवं असेल तर त्याच्या आधी एक ओळ मोकळी सोडा.

क्रमवार यादीत १. २. असे मराठी आकडे टाकले तर यादी बनतच नाही. तिथे इंग्रजीच आकडे लागतात. पोस्टच्या फाइलनावातल्या तारखेचंही तसंच.

शेवटी वेळ. स्वतःच्या वर्कफ्लोमधून (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतून) साधं जेकिल चालवत असाल आणि सकाळी ९ची पोस्ट गायब असेल, तर सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) आहे. त्याच्या लेखी ती यूटीसी ९ची, म्हणजे आपल्या दुपारी अडीचची, भविष्यातली. कॉन्फिग फाइलमध्ये टाइमझोन ‘Asia/Kolkata’ करा आणि पुन्हा बिल्ड मारा, म्हणजे साइट नव्याने तयार करा.