बालपुस्तकांची चित्रं काढताय? या चुका टाळा

सांगलीत माझ्याकडे नवी मुलं-मुली चित्रं दाखवायला येतात. हात चांगले असतात, रंगांची जाण असते, आणि तरी चुका त्याच त्या. बहुतेक चुका ब्रश हातात घेण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डमी, म्हणजे कागद दुमडून केलेला पुस्तकाचा कच्चा नमुना, न करता थेट फायनलला हात घालणं. चित्रपुस्तक बऱ्याचदा ३२ पानांचं असतं, कारण १६ पानांचा एक फॉर्म (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) धरला की दोन फॉर्मांत पुस्तक बसतं. त्यातून शीर्षकाचं आणि प्रकाशनाच्या तपशिलाचं पान वजा केल्यावर गोष्टीला किती जागा उरते, हे मांडून बघितल्याशिवाय कळत नाही.

तासगावकडची एक मुलगी अशीच सगळी चित्रं पूर्ण करून आली होती. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांमध्ये हरवलेल्या मांजरीच्या पिल्लाची गोष्ट, ३०० जीएसएमच्या जाड कागदावर जलरंगात. हळदीच्या ढिगावर पडलेलं ऊन तिने असं पकडलं होतं की बघत राहावं. मी आठ ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घातले, म्हणजे ३२ पानं झाली, आणि तिच्या चित्रांच्या लहान झेरॉक्स त्यावर चिकटवल्या. पहिल्याच मोठ्या चित्रात पिल्लाचं तोंड बरोबर घडीत आलं. बांधणीत तिथला भाग आत ओढला जातो, म्हणजे डोळे गेलेच. पुढे डाव्या पानावर आजी पोती धुंडाळतेय आणि समोर उजव्या पानावर पिल्लू सापडलेलं! मूल दोन्ही पानं एकदमच बघतं, मग शोधण्यातली धाकधूक राहिली कुठे? सापडल्याचं चित्र पान उलटल्यावरच यायला हवं होतं.

“ताई, कॉम्प्युटरवर थोडं सरकवून घेऊ की,” ती म्हणाली. सरकवून बघितलं. पिल्लाचा कान कापला गेला, अक्षरांना जागा उरली नाही आणि पुढची सगळी पानं हलली. निम्म्याहून अधिक चित्रं पुन्हा काढावी लागली, प्रकाशकाने दिलेली तारीख हुकली. आणि ते हळदीवरचं ऊन दुसऱ्यांदा तसं उतरलं नाही. त्याची मला अजून हळहळ वाटते.

म्हणून गोष्ट हातात आली की मी रंगांची पेटी उघडतच नाही. एका मोठ्या कागदावर तिकिटाएवढ्या चौकोनांत पेन्सिलीने अख्खं पुस्तक मांडते, मग डमी शिवते आणि शेजारच्या पोरांना वाचून दाखवते. माझं वाचून व्हायच्या आत पोरगं पान उलटायला लागलं, की त्या पानावरचं काहीतरी जास्त झालंय हे कळतं.

दुसरी चूक माझ्या जिवाला लागते. बेंदराची, म्हणजे बैलांच्या सणाची, गोष्ट असते आणि चित्रातला बैल परदेशी! वशिंड नाही, अंगावर काळे-पांढरे ठिपके, शिंगं आखूड. फोनवर जे आधी दिसलं ते उतरवलेलं. अरे, आपल्या जिल्ह्यात खिलार जातीचा बैल आहे! पांढरा-करडा, लांबोडक्या तोंडाचा, शिंगं मुळाशी जवळजवळ उगवून मागे झुकत वर गेलेली. आटपाडीकडे जा, खरसुंडीच्या यात्रेतला जनावरांचा बाजार बघा. वाचणाऱ्या मुलाच्या गोठ्यात बैल असतो, त्याला चूक लगेच दिसते. चिमणीचंही तेच. नराच्या गळ्यावर काळा डाग असतो, मादी साधी तपकिरी; दोन्ही एकाच रंगात रंगवू नका.

सकाळी कामाला बसण्याआधी मी कृष्णेच्या घाटावर लहान वही घेऊन जाते. कपडे धुणाऱ्या बाईची वाकलेली पाठ, पायरीवर बसलेल्या मुलाचे अधांतरी पाय, एवढंच. चित्र चांगलं यावं म्हणून नाही, डोळ्याला सवय राहावी म्हणून. घाईची मुलं विचारतात, रोज कशाला? फोटो काढून आणला तर? फोटोत पाठ दिसते, तिच्यावर पडलेला भार दिसत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते.

लहान मूल म्हणजे आकसलेला मोठा माणूस नव्हे. मोठ्या माणसाची उंची साधारण सात-साडेसात डोकी, चार-पाच वर्षांच्या मुलाची पाच-साडेपाच. पात्राचं समोरून, बाजूने, पाठमोरं चित्र एका कागदावर काढून टेबलासमोर लावा, नाहीतर दहाव्या पानावर वेणीची बाजू बदलते.

पुढे निघालेलं पात्र उजवीकडे जाऊ द्या, कारण आपण डावीकडून वाचतो.

पावसाळ्यात इथे कागद वाळायला फार वेळ लागतो. हाताची पाठ कागदाला लावा. गार लागला तर आत ओल आहे, रंगाचा दुसरा थर देऊ नका. ड्रायर मी वापरत नाही, तेवढ्या वेळात पुढच्या पानाचं स्केच होतं.

स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी आणि निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळतो, तेव्हा फाइल आधीच त्यात बदलून बघा. छपाईच्या मापाला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) आणि कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारं जादा चित्र, ठेवा. आणि प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना छपाई, कागदावर मागा. मोबाइलवर आलेल्या फोटोवरून छपाईला होकार देऊ नका, कितीही घाई असली तरी.