छोट्या बोर्डावर लिनक्ससीएनसी : आधी वेळ मोजा, मग मोटर जोडा

समजा, तुमच्या राउटरच्या (लाकूड वगैरे कोरणाऱ्या यंत्राच्या) एका अक्षावर फेऱ्याला २०० स्टेप घेणारी मोटर आहे, ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) ८ मायक्रोस्टेप लावले आहेत, म्हणजे एका स्टेपचे ८ भाग केले आहेत, आणि बॉलस्क्रूची पिच ५ मिमी आहे. मोटरच्या एका फेऱ्याला १,६०० पल्स (विजेचे छोटे ठोके) लागतात, म्हणजे दर मिलिमीटरला ३२०. हा अक्ष मिनिटाला ३,००० मिमी वेगाने पळवायचा तर सेकंदाला १६,००० पल्स द्यावे लागतील, दर ६२.५ मायक्रोसेकंदांनी एक. त्यातला एखादा पल्स ६० मायक्रोसेकंद उशिरा निघाला तर मोटरला मध्येच ठेच लागते. वेगात असताना ठेच जोराची बसली की मोटर अडखळते. साध्या स्टेपर मोटरला ही गोष्ट परत कळवण्याची सोय नसते, त्यामुळे मशीन चुकीच्या जागेवरून पुढचे काम मुकाट्याने करत राहते. जॉब वाया गेल्यावरच आपल्याला कळते.

रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या बोर्डावर सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारे कापयंत्र, चालवण्याचा सगळा प्रश्न या एका हिशोबात आहे. बोर्ड किती वेगवान आहे यापेक्षा तो किती वक्तशीर आहे हे महत्त्वाचे. खाली सांगितलेला क्रम त्यासाठीच आहे. तो मोडून थेट मोटरी जोडायचा मोह होतो, पण तेवढा आवरा.

लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा उगम अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतल्या ईएमसी नावाच्या प्रकल्पात आहे. सरकारी काम असल्याने त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला आणि पुढे स्वयंसेवकांनी तो वाढवला. सुरुवातीची कित्येक वर्षे हे सॉफ्टवेअर जुन्या डेस्कटॉप संगणकाच्या प्रिंटर पोर्टमधून मोटरी फिरवत असे. छोट्या बोर्डांना हा पोर्ट नाही, आणि यूएसबीचा अडॅप्टर लावून तो आणताही येत नाही, कारण यूएसबीवर प्रत्येक पल्सच्या वेळेची हमी मिळत नाही. म्हणून इथे वाट वेगळी धरावी लागते.

आधी ठरवा, लिनक्ससीएनसीच हवे का?

तीन अक्षांचा छोटा राउटर असेल, लाकूड आणि ॲक्रिलिक कापायचे असेल, तर ग्रबल पुरेसे आहे. ग्रबल हे आर्डुइनोसारख्या मायक्रोकंट्रोलरवर चालते आणि सेकंदाला ३०,००० पल्सपर्यंत नीट देते. रास्पबेरी पाय फक्त जी-कोडच्या (मशीनला हालचाली सांगणाऱ्या भाषेच्या) ओळी यूएसबीवरून पाठवत राहतो. त्याला थोडा उशीर झाला तरी बिघडत नाही, कारण पुढच्या काही हालचाली कंट्रोलरकडे आधीच जमा असतात. ही जोडणी एका संध्याकाळी होते, आणि ज्याला एवढेच हवे आहे त्याने पुढची मेहनत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लेथवर स्पिंडलच्या एन्कोडरशी (किती फिरले ते कळवणाऱ्या सेन्सरशी) मेळ साधून आटे पाडायचे असतील, एन्कोडर असलेल्या सर्व्हो मोटरी असतील, पाचवा अक्ष किंवा टूल चेंजर असेल, तर मात्र लिनक्ससीएनसीला पर्याय शोधत बसू नका. त्यातली हॅल ही व्यवस्था म्हणजे सॉफ्टवेअरमधला वायरिंगचा बोर्डच आहे. कुठलाही सिग्नल कुठेही जोडता येतो आणि चालू मशीनवर तो आलेखात बघताही येतो.

बोर्ड आणि पल्सचे कार्ड

पल्स बनवायचे काम छोट्या संगणकाला देऊ नका. त्याने दर मिलीसेकंदाला एकदा फक्त वेग सांगावा आणि पल्स एफपीजीए (हवे तसे सर्किट आत रचता येणारी चिप) असलेल्या वेगळ्या कार्डाने बनवावेत. मग संगणकाला मिलीसेकंदातून एकदाच वक्तशीर राहावे लागते. ते त्याला सहज जमते.

यासाठी मेसा या कंपनीची कार्डे सर्वाधिक रुळलेली आहेत. ७आय९६एस हे कार्ड इथरनेट केबलने जोडतात. त्यावर ५ मोटरींचे स्टेप-डायरेक्शन, ११ इनपुट आणि ६ आउटपुट मिळतात. ७सी८० आणि ७सी८१ ही कार्डे पायच्या ४० पिनांवर बसतात आणि एसपीआय या जोडणीने बोलतात. मी इथरनेटचे कार्ड सुचवेन. इथरनेटच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असल्याने विद्युत गोंगाट कमी शिरतो, आणि उद्या बोर्ड बदलला तरी कार्ड तेच चालते.

बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय ४ किंवा ५ घ्या. पाय ३ घरात पडून असला तरी इथरनेट कार्डासाठी वापरू नका. त्याचे इथरनेट आतून यूएसबीवरूनच फिरते, आणि तिथे वक्तशीरपणा संपतो.

बीगलबोन ब्लॅकचा उल्लेख करायलाच हवा. त्याच्या चिपमध्ये २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे स्वतंत्र प्रोसेसर आहेत. त्यांची बहुतेक सूचना बरोबर ५ नॅनोसेकंदांत पुरी होते, त्यामुळे वेगळ्या कार्डाशिवाय पक्के पल्स मिळतात. मशीनकिट ही लिनक्ससीएनसीची शाखा याच जोरावर वाढली. कल्पना फार सुंदर, पण ५१२ एमबी मेमरी आणि १ गिगाहर्ट्झचा एकच मुख्य कोअर आज अपुरा पडतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यात पडू नये.

सिस्टीम बसवणे

लिनक्ससीएनसी २.९ पासून पाय ४ आणि ५ साठी डेबियनवर आधारलेली तयार इमेज मिळते, रिअलटाइम कर्नलसह, म्हणजे कामे वेळेवर करणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यासह. ती चांगल्या एसडी कार्डावर लिहा आणि बोर्ड सुरू करा. रिअलटाइमसाठीचा प्रीएम्प्ट आरटी हा बदल पूर्वी कर्नलला वेगळा जोडावा लागे. २०२४ साली आलेल्या ६.१२ आवृत्तीपासून तो मुख्य लिनक्समध्येच आला आहे. तरी पहिल्यांदा तयार इमेजच घ्या.

यानंतर तीन गोष्टी करा. चौथा कोअर बाकीच्या कामांपासून राखून ठेवा. बूटच्या ओळीत आयसोलसीपीयूज हा पर्याय ३ या आकड्यासह (isolcpus=3) लिहिला की होते, कारण कोअर ० पासून मोजतात. प्रोसेसरचा वेग सतत पूर्ण राहील असा गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) निवडा, कारण वेग वरखाली होताना उशीर वाढतो. आणि हीटसिंकवर पंखा बसवा. ८० अंशांच्या आसपास बोर्ड स्वतःहून मंदावतो, आणि बंद पेटीत तेवढे तापायला वेळ लागत नाही.

वीजपुरवठाही नीट हवा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर काम चालल्यासारखे वाटते, पण व्होल्टेज घसरले की बोर्ड गुपचूप वेग कमी करतो.

लेटन्सी मोजा

अजून एकही मोटर जोडलेली नाही, आणि तेच बरे आहे. लेटन्सी म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा होणारा उशीर. तो मोजायला लिनक्ससीएनसीसोबत लेटन्सी हिस्टोग्राम नावाचे साधन येते. थ्रेड म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालणारे काम. साधन सुरू करून त्यातला बेस थ्रेड (संगणकानेच पल्स बनवायचे तर लागणारा) बंद करा, १ मिलीसेकंदाचा सर्व्हो थ्रेड तेवढा ठेवा आणि आता बोर्डाला मुद्दाम छळा. खिडक्या ओढा, मोठी फाइल कॉपी करा, व्हिडिओ लावा, पेनड्राइव्ह काढा-घाला. निदान तासभर, शक्यतो रात्रभर हे चालू द्या. आपल्याला सरासरी नको, सर्वांत वाईट आकडा हवा. दहा लाख वेळा वेळेवर आलेला आणि एकदाच चुकलेला थ्रेडही जॉब बिघडवू शकतो.

आकडा १०० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर इथरनेट कार्डासाठी काळजी नको. त्याहून थोडा जास्त असला तरी चालू शकेल, पण कारण शोधा. मिलीसेकंदाच्या वर गेला तर त्या बोर्डावर मशीन चालवू नका. थेट पिनांतून पल्स द्यायचे असते तर हाच आकडा १५ ते २० मायक्रोसेकंदांत हवा असतो. पायवर तो सातत्याने मिळवणे अवघड जाते. वेगळे कार्ड घ्यायला मी का सांगत होतो ते इथे आकड्यांत दिसेल.

पुढे मशीन चालू असताना रिअलटाइम विलंब झाल्याचा संदेश पडद्यावर आला तर तो बंद करून पुढे जाऊ नका. एका सत्रात तो एकदाच दिसतो. नंतर कितीही वेळा उशीर झाला तरी पुन्हा सांगितले जात नाही.

वायरिंग

पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्ट लागले तर पिन जळते, कधीकधी अख्खा बोर्ड. कार्ड वापरत असाल तर हा धोका टळतो. थेट पिना वापरणारच असाल तर आउटपुटसाठी ७४एचसीटी२४५ सारखा बफर लावा, तो ३.३ व्होल्टचा सिग्नल ओळखून ५ व्होल्टचा करतो. इनपुटसाठी ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोचवून दोन सर्किटे वेगळी ठेवणारा भाग) लावा. आणखी एक लक्षात ठेवा. पाय सुरू होताना जीपीआयओ (सिग्नलच्या पिना) ० ते ८ आतून वर, म्हणजे ३.३ व्होल्टकडे, ओढलेले असतात आणि ९ ते २७ खाली. ड्रायव्हर किंवा स्पिंडल सुरू करणारा सिग्नल पहिल्या गटात असेल, तर सॉफ्टवेअर जागे होण्याआधीच ते चालू होऊ शकते.

इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरवर सोपवू नका. लाल बटणाने काँटॅक्टर (मोठा रिले) पडला पाहिजे आणि मोटरींची व स्पिंडलची वीज प्रत्यक्ष तुटली पाहिजे. संगणकाला फक्त बटण दाबल्याची खबर मिळावी. बोर्ड अडकला, केबल निघाली, एसडी कार्ड बिघडले, तरी बटण काम करते की नाही हे बोर्ड बंद ठेवून तपासा. मेसा कार्डात वॉचडॉग, म्हणजे संगणकावर नजर ठेवणारा टायमर, असतो. संगणकाकडून ठरावीक वेळेत, बहुधा ५ मिलीसेकंदांत, काही आले नाही तर कार्ड आउटपुट सोडून देते. तो जास्तीचा आधार आहे, लाल बटणाची जागा तो घेत नाही.

लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारे) नॉर्मली क्लोज्ड जोडा, म्हणजे एरवी त्यांतून वीज वाहत राहील. वायर तुटली की मशीन थांबते. उलट जोडले तर तुटलेली वायर आणि मोकळा स्विच सारखेच दिसतात. स्पिंडलच्या व्हीएफडीची (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल शिल्डेड असू द्या आणि सिग्नलच्या वायरींपासून लांब न्या. मशीन मधूनच खोट्या लिमिटवर थांबत असेल तर सॉफ्टवेअर उघडण्याआधी ही केबल बघा.

इथरनेट कार्डाला १०.१०.१०.१० हा पत्ता जंपरने देता येतो. पायच्या इथरनेटला १०.१०.१०.१ द्या आणि मध्ये नेटवर्कचा राउटर किंवा स्विच न ठेवता थेट केबल लावा. फाइल आणायला वायफाय किंवा पेनड्राइव्ह वापरा, कापकाम चालू नसताना.

कॉन्फिगरेशन

मेसा कार्डासाठी पीएनसीकॉन्फ आणि प्रिंटर पोर्टसाठी स्टेपकॉन्फ ही साधने प्रश्न विचारून फाइली बनवून देतात. तुमचे कार्ड यादीत नसेल तर सोबतच्या नमुना फाइलीतली सर्वांत जवळची घ्या. सगळे आकडे आयएनआय फाइलमध्ये आणि जोडण्या हॅल फाइलमध्ये असतात.

स्केलमध्ये वरच्या हिशोबातले ३२० घाला. वेग सुरुवातीला निम्माच ठेवा. पल्स जनरेटरची त्वरणाची मर्यादा अक्षाच्या मर्यादेपेक्षा साधारण २५ टक्के जास्त हवी, नाहीतर फॉलोइंग एररने (सांगितलेल्या आणि मोजलेल्या जागेतल्या फरकाने) मशीन सारखे थांबेल आणि तुम्ही मोटरीला दोष देत बसाल. पल्सची रुंदी आणि दिशा बदलल्यानंतरची उसंत ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातून घ्या. तिथे ५ मायक्रोसेकंद लिहिले असेल तर १० द्या.

मोटर फिरवा, मग मोजा

पहिल्यांदा मोटर बॉलस्क्रूपासून सुटी ठेवून फिरवा. दिशा, लिमिट आणि लाल बटण तपासा. मग जोडा, होमिंग करा, म्हणजे मशीनला तिची शून्य जागा शोधू द्या. होमिंगचा वेग इतका कमी ठेवा की दिशा चुकली तर हात बटणापर्यंत पोचेल. १०० मिमी सरकवून प्रत्यक्ष किती सरकले ते मोजा आणि स्केल दुरुस्त करा.

खरी परीक्षा यानंतर. अक्षाला डायल गेज टेकवा, शून्य करा. अक्ष पूर्ण वेगाने लांब जाऊन परत येईल असा छोटा प्रोग्रॅम लिहा आणि तो १०० वेळा चालवा. शेवटी गेज शून्यावर आला तर त्या वेगाला आणि त्वरणाला तुमचे मशीन तयार आहे.

नाही आला, तर किती चुकला ते नीट वाचा. २०० स्टेपची मोटर अडखळली तर सहसा ४ पूर्ण स्टेपच्या पटीत घसरते. आपल्या बॉलस्क्रूवर ते ०.१ मिमी होते. फरक ०.१, ०.२, ०.३ असा निघाला तर त्वरण कमी करा, आणि तरीही जाईना तर लेटन्सी पुन्हा मोजा. फरक दर फेरीला एकाच दिशेने ०.००३ मिमीच्या आसपास साचत गेला, तर दिशा बदलताना एकेक मायक्रोस्टेप हरवतो आहे. दिशेनंतरची उसंत वाढवा. आणि १० फेऱ्या झाल्या काय, १०० झाल्या काय, फरक तेवढाच राहिला, तर संगणकाला सोडा आणि पाना घेऊन कपलिंगचे स्क्रू आवळा.